स्नायूंचे लवणे आणि त्याची भीती

डोळा लवला म्हणून आपल्याकडे कोणी डॉक्टरकडे जात नाही. पुरुषाचा उजवा लवला तर शुभ, बाईचा उजवा लवला तर घरात काळजी, हे हिशोब आजीच्या तोंडून ऐकून आपल्याला पाठ झालेले असतात. कालिदासाचा दुष्यंतसुद्धा कण्वाच्या आश्रमात शिरताना उजवा बाहू स्फुरला म्हणून विचारात पडतो. अंगाच्या आपोआप होणाऱ्या हालचालीला काही अर्थ असलाच पाहिजे, ही समजूत इतकी जुनी आहे. फरक पडला तो एवढाच, की पूर्वी लोक तो अर्थ शकुनात शोधत, आता तो रोगांच्या नावांत शोधतात.

या विषयाशी आमचा संबंध आला तो कामगार संघटनेच्या कामामुळे. मीरा-भाईंदर म्हटले की बाहेरच्या माणसाला मिठागरे आठवतात. पण भाईंदर पूर्वेच्या गाळ्यागाळ्यांतून स्टीलची भांडी तयार होतात, आणि आपल्या घरच्या मांडणीवर चकाकणाऱ्या डब्याला ती चकाकी कोणाच्या तरी मनगटाने दिलेली असते. पॉलिशवाला गरगर फिरणाऱ्या चाकावर भांडे दाबून धरतो. चाकाचा हादरा भांड्यात, भांड्याचा बोटांत, बोटांचा खांद्यापर्यंत. असे दिवसाचे दहा तास.

काही वर्षांपूर्वी असा एक पॉलिशवाला संध्याकाळी आमच्या कचेरीत आला. मूळचा सातारा जिल्ह्यातला, वय चाळिशीच्या आत. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाय ट्यूबलाईटखाली धरला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा. आत काहीतरी जिवंत आहे." पोटरीच्या कातडीखाली खरोखरच बारीक लाट उठत होती; इथे थांबली की दोन बोटे पलीकडे सुरू होई. तीन महिने हे चालले होते. पोटरीतून मांडीत, मांडीतून दंडात, मग अंगठ्याच्या मुळाशी. आता हातातली ताकद गेली असे त्याला वाटत होते. भाच्याने मोबाईलवर शोधून एका रोगाचे नाव काढून दिले होते. ते नाव तो उच्चारत नव्हता. चिठ्ठीवर लिहून आणले होते. एएलएस. गावची अर्धा एकर जमीन आताच विकून दोन्ही मुलींच्या नावे पैसे ठेवावेत का, एवढेच त्याला आम्हांला विचारायचे होते.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. त्याची पोटरी पाहताच आमच्या मनात पहिला विचार आला तो नुकसानभरपाईचा. यंत्राच्या हादऱ्याने माणूस निकामी झाला, असा दावा उभा करता येईल म्हणून आम्ही मनातल्या मनात अर्जाचा मजकूरही जुळवू लागलो. म्हणजे त्या बिचाऱ्याला रोग असावा, असे त्याच्या शत्रूला वाटले नसेल तितके आम्हांला वाटत होते! चळवळीत मुरलेल्या माणसाला ही खोड लागते.

शाळा आम्ही आठवीत सोडली, तेव्हा वैद्यकाचे जे काही येथे सांगतो ते पुस्तके वाचून आणि डॉक्टरांना भंडावून मिळवलेले आहे. आपला प्रत्येक स्नायू हजारो तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू सुटेसुटे काम करीत नाहीत. त्यांच्या टोळ्या असतात. प्रत्येक टोळीवर एक मुकादम असतो, आणि तो बसतो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत. त्याला चेतापेशी म्हणतात. त्याची शिट्टी नसेतून आली की सबंध टोळी एकदम आकुंचन पावते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका मुकादमाच्या हाताखाली दहा-पंधरा तंतू, तर पोटरीत हजाराहून अधिक. आता कधीकधी मुकादमाने हुकूम न देताच नसेच्या वाटेत कोठेतरी खोटी शिट्टी वाजते. टोळी दचकून उठते आणि पुन्हा बसते. कातडीखाली दिसणारी लाट ती हीच. जागरण, चहा-कॉफीचा मारा, अतिश्रम, काळजी, यांपैकी काहीही तिला पुरते. पोटरी आणि पापणी या तिच्या आवडत्या जागा. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना ती केव्हा ना केव्हा येऊन जाते.

एएलएसमध्ये होते ते निराळे. तेथे मुकादमच मरतो. टोळी हुकुमावाचून बसून राहते आणि वाळत जाते. शेजारचा मुकादम त्यांतले काही तंतू आपल्या हजेरीवर घेतो, पण तोही पुढे जातो. फ्रान्समधील शार्को या वैद्याने १८६९ मध्ये या रोगाचे वर्णन केले. पाश्चात्य देशांत वर्षाला लाखात सुमारे दोन माणसांना तो होतो. स्टीफन हॉकिंग यांचे चाकांच्या खुर्चीतले छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांच्या रोगाचे निदान झाले, डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत दिली, आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण असे उदाहरण विरळा. आम्हांला त्यांच्या कथेतली सुरुवात महत्त्वाची वाटते. त्यांच्या लक्षात प्रथम आले ते स्नायूंचे लवणे नव्हे. ते अडखळू लागले, जिन्यावरून पडले.

सगळा भेद येथे आहे. रोगाने येणारा अशक्तपणा ही जाणीव नसते, ती घटना असते. शर्टाचे बटण लागत नाही. पायातली चप्पल चालताना निसटते. उकिडवे बसलेल्याला हात टेकल्यावाचून उठता येत नाही. ताकद गेल्यासारखे वाटणे वेगळे आणि ताकद जाणे वेगळे. आमच्या पॉलिशवाल्याला आम्ही चवड्यांवर चालायला सांगितले, मग टाचांवर; चालला. बसून उठायला सांगितले, उठला. ज्या हातातली ताकद गेली म्हणत होता त्याच हाताने त्याने आमच्या कचेरीचे जाम झालेले दार ओढून उघडले होते, हे आम्हांला मागाहून आठवले.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. स्नायू लवतात, पण तपासणीत दुसरा दोष नाही, अशी १२१ माणसे त्यांनी निवडली आणि त्यांचा पुढचा मागोवा घेतला. कोणाचा दोन वर्षे, कोणाचा बत्तीस. एकालाही तो रोग झाला नाही. आणि ही भीती अडाणीपणातून येते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगतो: २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन डॉक्टरांनी खुद्द डॉक्टरांनाच जडणाऱ्या या भीतीवर निबंध लिहिला. ज्याला रोगाचे नाव ठाऊक त्यालाच भय अधिक.

भीती आपला पुरावा आपणच तयार करते. भ्यालेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्तातले कॅल्शियम नसांना पुरेसे मोकळे मिळत नाही, आणि नसा चिडखोर होतात. बोटांना मुंग्या येतात, स्नायू अधिक लवतात. माणूस अधिक भितो. त्यातून तो ताकद तपासू लागतो. आमचा गडी रोज रात्री ओले फडके दोनशे वेळा पिळून पाहत होता! दहा तास पॉलिश करून आल्यावर दोनशे पिळे. दीडशेच्या पुढे हात थरथरला की झाली खात्री.

इतके सगळे वाचल्यावर आमचीही डावी पोटरी लवू लागली, आणि पंधरवडाभर आम्ही रात्री उठून दिवा लावून ती पाहत होतो. बायकोने विचारले तेव्हा डास म्हणून सांगितले.

पण म्हणून "मनाचे खेळ आहेत, जा" असे म्हणून कामगाराला वाटेला लावणाऱ्यांच्या बाजूने आम्ही बोलत आहोत, असे कोणी समजू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारणारे शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने रुग्णालयांत आले. वीसच्या आसपास दगावले. फवारणीच्या औषधांपैकी फॉस्फरसयुक्त जातीची विषे नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरच घाला घालतात. शिट्टी वाजली की ती बंद करणारा रस शरीरात असतो. हे विष त्या रसालाच निकामी करते. मग शिट्टी वाजतच राहते: अंगभर स्नायू लवतात, घाम आणि लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास थांबतो. तेथे लवणाऱ्या स्नायूला हसणे म्हणजे माणूस मारणे. बॅटरीच्या कामात शिसे अंगात गेलेल्याचा पंजा मनगटापासून लोंबतो. मिठागरावर उन्हात घाम गाळणाऱ्याच्या पायांत गोळे येतात. प्रत्येकाचा धंदा विचारल्यावाचून हे कळत नाही, आणि धंदा विचारणारा डॉक्टर आम्ही फार थोडा पाहिला.

आमच्या माणसाकडे ईएसआयचे कार्ड नव्हते. दहाच्या आत माणसे कागदावर दाखवली की तो प्रश्न मिटतो, हे गाळ्यांच्या धंद्यातले जुने कसब आहे. जवळच्या एका दवाखान्यात त्याला "टेन्शन घेऊ नका" म्हणून ताकदीचे इंजेक्शन दिले होते. शेवटी आम्ही त्याला लोकलने मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. दोन खेपा, दोन खाडे. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला कमरेपर्यंत उघडा करून तपासले, हातोडीने गुडघे ठोकले, रक्त घेतले, स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज पाहिली. आणि मग आम्ही कोणी न विचारलेले विचारले: "रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते का? कोणत्या बोटांना?" अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन, त्याने सांगितले. करंगळीला नाही.

एएलएस नव्हता. पण उजव्या मनगटात, हाडांच्या आणि पट्ट्याच्या मधून जाणारी नस चेंगरलेली होती. हादऱ्याची यंत्रे आणि दाबून धरण्याची कामे करणाऱ्यांना हे होते. तीन महिने तो पोटरीकडे पाहत बसला होता आणि दुखणे मनगटात होते. मुंग्यांचा उल्लेख त्याने आमच्याकडेही केला नव्हता, कारण मुंग्या तर गाळ्यातल्या सगळ्यांनाच येतात.

रात्री मनगटाला पट्टी बांधायची, चाकावरचे काम बंद करायचे, आणि उतार पडला नाही तर लहानशी शस्त्रक्रिया, असे ठरले. फडके पिळणे त्याच दिवशी बंद झाले. मालकाशी दोन बैठका होऊन त्याला पॅकिंगला घेतले. पॉलिशची मजुरी जास्त, पॅकिंगची कमी, आणि त्या फरकाचा वाद आम्ही ही ओळ लिहीत आहोत तोवर मिटलेला नाही. त्याच गाळ्यातल्या उरलेल्या पॉलिशवाल्यांना आम्ही बोटांच्या मुंग्यांविषयी विचारले, तेव्हा सहापैकी चौघांनी हात वर केले. जमीन त्याने विकली नाही. पोटरी अजून लवते; परवा त्यानेच हसून दाखवली.