स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, म्हणजे घटस्फोट झाला का? जाणून घ्या
कोल्हापूर : राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्येच घटस्फोटाचा कायदा केला. तरीही नोटरीसमोर सह्या केल्या की मोकळे झालो, असा समज आजही आहे. तो चुकीचा आहे.

कायदा काय सांगतो?
हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. अपवाद फक्त समाजातील सिद्ध झालेल्या रूढीचा. निव्वळ कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि गुन्हाही.

दोघांची संमती असेल तर?
किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. मात्र २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ही मुदत माफ होऊ शकते.

पत्नी माहेरी असेल तर?
सासर पुण्यात असले, तरी कोल्हापुरात राहणारी पत्नी इथेच अर्ज करू शकते. पोटगी मागायला घटस्फोटापर्यंत थांबावे लागत नाही. ‘पोटगी नको’ असे नोटरीच्या कागदावर लिहून दिले, तरी केवळ त्यामुळे हक्क संपत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर?
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देते. हेल्पलाइन : १५१००. सही करण्याआधी इथे फोन करा.