जाखडी : संगीत, नृत्य आणि समूहनाट्य

प्रस्तावना

गणेशोत्सवात मुंबईचा चाकरमानी वडखळमार्गे दक्षिणेकडे आपल्या गावी परततो आणि रायगड-रत्नागिरीच्या अंगणांत जाखडी उभी राहते. जाखडीची नोंद सामान्यतः लोकनृत्य म्हणून होते. प्रस्तुत लेखात तिचा समूहनाट्य म्हणून विचार केला आहे.

स्वरूप

जाखडीत गायक आणि मृदंग वा ढोलकी, झांज वाजविणारे वादक मध्यभागी बसतात. पायांत चाळ बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी कामकऱ्यांना मुंबईत ‘बाल्या’ म्हणत. त्यावरून ‘बाल्या नाच’ हे नाव रूढ झाले, असे मानले जाते. गण आणि गवळण झाल्यावर शक्ती-तुऱ्याचा सामना रंगतो. शक्तीवाले पार्वतीचा, तर तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात. एका शाहिराने पुराणकथेतील कूट घालावे, दुसऱ्याने ते पदातूनच सोडवावे, अशी रीत आहे.

संगीत व नृत्याचे नाट्यकार्य

येथे पडदा नाही, नेपथ्य नाही. नाट्याला आवश्यक असणारा संघर्ष सवाल-जवाबातून उभा राहतो आणि त्याची चढती पातळी लय दाखविते. शाहिराने म्हटलेला चरण झीलकरी उचलतात, त्यामुळे प्रश्न श्रोत्यांच्या मनात ठसतो. ठेका द्रुत होताच पावलांची गती वाढते. फेर हाच रंगमंच ठरतो आणि चोहोबाजूंनी उभा असलेला गाव त्याचे बाह्य वर्तुळ बनतो.

आफ्रिकेतील माली देशात बंबारा समाजाच्या ‘कोतेबा’ या लोकनाट्यातही ढोलवादकांभोवती नर्तकांची वर्तुळे फिरतात व नृत्यानंतर सामाजिक विडंबनाचे प्रवेश होतात. दोन्ही परंपरांचा परस्परसंबंध सुचविण्याचा येथे हेतू नाही; समूहाला एकत्र बांधणारे वर्तुळ दोन्हींत नाट्याचा आधार आहे, एवढेच साम्य लक्षणीय आहे.

स्थित्यंतर

मुंबईच्या गिरणगावात शक्ती-तुऱ्याचे खेळ नाट्यगृहात होऊ लागले, तेव्हा प्रेक्षक एकाच बाजूला आला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व हा प्रेक्षकवर्गही विखुरला. महाविद्यालयीन महोत्सवांत ठरावीक मिनिटांचे लोकनृत्य म्हणून जाखडी सादर होते, तेव्हा पावले टिकतात, परंतु सवाल-जवाब बहुधा गळतात.

निष्कर्ष

केवळ पदे लिहून घेतल्यास जाखडीचे साहित्य हाती लागते. केवळ नृत्य चित्रित केल्यास हालचाली उरतात. तिचे नाट्य मात्र दोहोंच्या सांध्यात आहे. म्हणून पद, ठेका, पदन्यास आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांची एकत्रित नोंद करणे हे मराठी, संगीत व समाजशास्त्र या विभागांनी मिळून हाती घ्यावयाचे कार्य होय.