हौशी मोटार शर्यती : छोटे ट्रॅक ओस का पडतात?

मोटारींची शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन येते. कोट्यवधींच्या गाड्या, मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती, लाखो प्रेक्षक. पण अमेरिकेत शर्यतीचा आणखी एक प्रकार आहे. शनिवारी पहाटे एखादा शिक्षक, एखादा दंतवैद्य किंवा गॅरेजवाला आपली जुनी गाडी ट्रेलरवर चढवतो, जवळच्या छोट्या ट्रॅकवर नेतो, दोन दिवस शर्यत करतो आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होतो. जिंकला तर हातात एखादी छोटी ट्रॉफी मिळते. पैसे मिळत नाहीत, उलट तेच भरावे लागतात. याला क्लब रेसिंग म्हणतात. आपल्याकडे जशी हौशी रंगभूमी, तशीच ही हौशी शर्यत.

गेल्या काही वर्षांत छोट्या ट्रॅकवरच्या अशा शर्यतींना गाड्या कमी येऊ लागल्या आहेत. कारण विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतात : "आजच्या मुलांना गाड्यांची आवडच राहिली नाही." हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. खरं कारण समजून घ्यायला आपल्याला अर्थशास्त्रातला एक साधा धडा लागेल, तो म्हणजे सरासरी खर्च. आधी थोडा इतिहास बघू.

1957 चे चार ट्रॅक

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था 1944 मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला तिच्या सभासदांकडे स्वतःचे ट्रॅक नव्हते. 1948 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या गावात चक्क गावातल्या रस्त्यांवर शर्यत झाली. पण रस्त्याच्या कडेला गर्दी आणि मधून सुसाट गाड्या, हे धोक्याचंच होतं. 1952 मध्ये तिथे प्रेक्षकांतला एक लहान मुलगा गाडीखाली सापडून दगावला. त्यानंतर गावातल्या शर्यतीचा मार्ग बदलावा लागला. 1952 ते 1954 या काळात हवाई दलाच्या तळांवरही शर्यती भरल्या. पण कायमची जागा हवीच होती. म्हणून मग शर्यतीसाठी खास ट्रॅक बांधले जाऊ लागले.

1957 या एकाच वर्षी चार नामवंत ट्रॅक सुरू झाले : कनेक्टिकटमधला लाइम रॉक, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा ब्रिजहॅम्प्टन, आणि कॅलिफोर्नियातले रिव्हरसाइड व लागुना सेका. आज त्यांचं काय झालंय?

रिव्हरसाइड 1989 मध्ये बंद झाला. त्या जागेवर आता मॉल आहे. ब्रिजहॅम्प्टनच्या जागी गोल्फचं मैदान आहे. लागुना सेका चालू आहे, पण तिथे आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये ठरवून दिलेली आहे आणि 2023 मध्ये आसपासच्या रहिवाशांच्या एका गटाने ट्रॅकच्या वापराविरुद्ध कोर्टात दावा लावला. लाइम रॉकही चालू आहे, पण 1959 च्या एका न्यायालयीन आदेशापासून तिथे रविवारी शर्यत होत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रॅक बांधले तेव्हा आजूबाजूला माळरान किंवा शेती होती. नंतर वस्ती सरकत सरकत ट्रॅकपर्यंत आली. जमिनीचे भाव वाढले, आवाजाच्या तक्रारी वाढल्या. एकतर ट्रॅक विकला गेला, नाहीतर त्याचे वापराचे दिवस आणि तास कमी झाले. जो राहिला त्याचं भाडं साहजिकच चढलं. लाइम रॉकसारख्या ठिकाणी दोन दिवसांची शर्यत ठेवायची तर शुक्रवार धरावा लागतो. म्हणजे नोकरदार माणसाची एक रजा गेलीच.

सरासरी खर्चाचं गणित

आता मुख्य मुद्दा. क्लबने दोन दिवस ट्रॅक भाड्याने घेतला. भाडं, विमा, रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी, वेळ मोजणारी यंत्रणा हे सगळं मिळून समजा 40,000 डॉलर खर्च आला. (हे आकडे उदाहरणासाठी आहेत, हं.) हा स्थिर खर्च आहे. गाड्या दोनशे आल्या काय किंवा शंभर आल्या काय, रुग्णवाहिका एक लागणारच.

200 गाड्या आल्या, तर प्रत्येकी 200 डॉलर.
160 गाड्या आल्या, तर प्रत्येकी 250 डॉलर.
100 गाड्या आल्या, तर प्रत्येकी 400 डॉलर.

बघा, गाड्या निम्म्या झाल्या आणि फी दुप्पट झाली. मग काय होतं? 200 डॉलर परवडणारा माणूस 250 ला विचार करतो आणि 400 ला घरी बसतो. तो बसला की उरलेल्यांची फी आणखी वाढते, मग आणखी काही जण बसतात. म्हणजे गेलेल्यांचा वाटा राहिलेल्यांना उचलावा लागतो. गावच्या जत्रेची वर्गणी देणारी घरं कमी झाली की राहिलेल्या घरांवर जास्त बोजा पडतो, तसंच हे.

गाडीवाल्याचा स्वतःचा खर्च

फी हा खर्चाचा छोटाच भाग आहे. शर्यतीच्या गाडीत चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवावा लागतो. गाडी उलटली तर तो जीव वाचवतो. पण एकदा पिंजरा बसला की ती गाडी रोजच्या वापराला निकामी. हेल्मेट नसताना डोकं त्या नळ्यांवर आपटण्याचा धोका असतो. म्हणून गाडी न्यायला ट्रेलर हवा, ट्रेलर ओढायला दुसरी मोठी गाडी हवी आणि हे सगळं ठेवायला जागा हवी. शिवाय आगीत लवकर न जळणारा पोशाख, मान सांभाळणारं उपकरण, आणि ठरावीक वर्षांनी बदलावेच लागणारे पट्टे. टायर आणि ब्रेक तर दर वेळी झिजतातच. यातली सुरक्षेची एकही गोष्ट अनावश्यक नाही. पण सगळ्यांची बेरीज नवख्या तरुणाला दारातच थांबवते.

आवड तीच, वाटा वेगळ्या

मग तरुण गाड्या सोडून गेले का? नाही. ते दुसरीकडे गेले.

काही जण 'ट्रॅक डे'ला जातात. तिथे आपली रोजचीच गाडी ट्रॅकवर पळवता येते. स्पर्धा नसते, ठरवून दिलेल्या जागी समोरच्याने इशारा केल्यावरच पुढे जायचं असतं. संध्याकाळी त्याच गाडीतून घरी यायचं. काही जण 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स' या 2006 मध्ये सुरू झालेल्या शर्यतमालिकेत उतरतात. तिथला मूळ नियम असा, की सुरक्षेचा खर्च वगळता गाडी 500 डॉलरपेक्षा महाग नसावी. एका गाडीत अनेक मित्र पाळीपाळीने बसतात, त्यामुळे खर्चही वाटला जातो. काही जण 1991 मध्ये स्थापन झालेल्या 'नासा'कडे जातात. (ही अंतराळवाली नासा नव्हे! हिचं पूर्ण नाव नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन.) आणि कितीतरी जण घरीच संगणकासमोर बसतात. 2008 मध्ये आलेल्या आयरेसिंगवर लाइम रॉकसुद्धा आहे. तिथे गाडी ठोकली तर पुन्हा सुरू करायची, बस्स.

जुने सभासद काय करतात? ते वर्षभराचे पैसे साठवून एखाद्या नावाजलेल्या ट्रॅकवर जातात. क्लबची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 2017 मध्ये प्रथमच इंडियानापोलिसच्या जगप्रसिद्ध ट्रॅकवर झाली, तेव्हा 900 पेक्षा जास्त प्रवेशिका आल्या. म्हणजे माणसं आहेत, पैसाही आहे. पण तो घराजवळच्या चार शर्यतींऐवजी एका मोठ्या शर्यतीवर खर्च होतो. क्लबचं मुख्यालय कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरात आहे. ही राष्ट्रीय स्पर्धा 2006 ते 2008 या काळात त्याच शहरातल्या ट्रॅकवर भरली होती. करावरून वाद झाला आणि 2023 च्या अखेरीस मालकाने तो ट्रॅक बंद केला.

क्लबची स्वतःचीही एक चूक इथे सांगायला हवी. नव्या प्रकारची गाडी आली की नवा वर्ग काढायचा, पण जुना वर्ग बंद करताना सभासद दुखावतील म्हणून तो तसाच ठेवायचा, असं होत गेलं. परिणामी छोट्या शर्यतीत काही वर्गांत दोन-तीनच गाड्या उरतात. दोघांत पहिला आलो याचा आनंद किती दिवस टिकणार? उलट माझदा मियाटा या एकाच मॉडेलच्या, सारख्या नियमांच्या गाड्यांचा वर्ग भरलेला असतो, कारण तिथे झुंजायला माणसं मिळतात.

झेंडा कोण दाखवणार?

एक गोष्ट मात्र पैशात मोजता येत नाही. प्रत्येक वळणावर झेंडे घेऊन स्वयंसेवक उभे असतात. पुढे अपघात झाला असेल तर पिवळा झेंडा दाखवून ते मागच्यांना सावध करतात. दिवसभर ऊन-पावसात उभं राहायचं, मानधन बहुधा नाहीच. यांतले अनेक जण आता वयस्कर आहेत. एकेकाळी घरातला एक शर्यत करायचा, दुसरा झेंडा धरायचा. शर्यतीत उतरणारी घरंच कमी झाली, तर झेंडा धरणारे तरी कुठून येणार? वळणावर माणूस नसेल तर कितीही गाड्या आल्या तरी शर्यत सुरू करता येत नाही.

मग उपाय काय?

क्लब हातावर हात ठेवून बसलेला नाही. 2015 पासून त्याने 'ट्रॅक नाइट इन अमेरिका' हा उपक्रम सुरू केला. कामाच्या दिवशी संध्याकाळी, स्वतःच्या रोजच्या गाडीने, पिंजरा-ट्रेलर काहीही न लागता ट्रॅकवर उतरता येतं. दार पुन्हा थोडं उघडलं, असं म्हणू. पण या दारातून आत आलेल्या माणसाला पुढे शर्यतीपर्यंत नेणारी पायरी स्वस्त झाली, वर्ग कमी झाले आणि दोन-तीन संस्थांनी एकाच ट्रॅकचा खर्च मिळून उचलला, तरच वरचं गणित उलट फिरेल. कारण हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो : माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी होतो.

या सगळ्या प्रकरणात कोणीही वाईट वागलेलं नाही. महाग झालं म्हणून थांबणारा चुकला नाही, मोठ्या ट्रॅकला जाणारा चुकला नाही, शांतता मागणारा शेजारीही चुकला नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा. तरीही सर्वांचा मिळून परिणाम असा, की साध्या माणसाला प्रेक्षक न राहता स्वतः मैदानात उतरण्याची एक जागा हातची जाते. आणि ट्रॅक एकदा मॉल झाला की परत ट्रॅक होत नाही.

स्वाध्याय

1. स्थिर खर्च 40,000 डॉलर असताना 125 गाड्या आल्या, तर प्रत्येकी फी किती पडेल? 80 गाड्या आल्या तर?
2. वर्ग कमी केल्याने काही सभासद जातील. तरीही क्लबला फायदा होईल का? कारणे द्या.
3. तुमच्या गावातलं वाचनालय, तालीम किंवा नाट्यमंडळ घ्या. त्याचा स्थिर खर्च कोणता, आणि सभासद निम्मे झाले तर काय होईल, हे तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारून लिहा.