यंत्रयुक्त फॉइल बोर्ड : नियमनातील एक शब्दार्थप्रश्न

फॉइल बोर्ड म्हणजे तळाशी उभा दांडा आणि त्याच्या टोकास पाण्याखाली राहणारे पंख असलेली फळी. वेग येताच पंखांमुळे फळी पाण्यावर उचलली जाते. काही फळ्यांस लहान विद्युत्-यंत्र असते; स्वार लाटेपर्यंत यंत्राने जातो आणि लाट मिळताच ते बंद करतो. पोहणाऱ्याचा धोका मात्र तेवढ्याने टळत नाही, कारण पात्यासारखे पंख वेगाने पुढे येतच असतात.

अशा साधनाचे नियमन प्रथम व्याख्येपाशी अडते. ब्रिटनच्या १९९५ च्या व्यापारी नौवहन कायद्यात नौका म्हणजे 'नौवहनासाठी वापरलेले' जलवाहन. वेमथ येथील अपघातातील जेट स्की केवळ मौजेखातर इकडेतिकडे धावत होती, कोठे जात नव्हती. म्हणून ती या अर्थी नौका नव्हे, असे अपील न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले. ही उणीव २०२३ च्या आदेशाने भरून काढली. त्यात स्वतःच्या यांत्रिक शक्तीने चालण्यास 'समर्थ' असलेले यान अभिप्रेत आहे. यंत्र बंद केल्याने सामर्थ्य जात नाही. त्यामुळे लाटेवरील बोर्डही कक्षेत राहतो.

समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र यांत्रिक नौका ती, जी यंत्राने 'चालविली जाते'. येथे क्रिया पाहिली आहे, सामर्थ्य नव्हे. मराठीत 'यंत्रावर चालणारी' म्हटले की दोन्ही अर्थ एकत्र येतात. बोलण्यात ही सोय आहे. कायद्याच्या अनुवादकाने मात्र '-णारा' प्रत्यय येथे टाळलेलाच बरा.