चास ते पाबळ : एका दिवसाची सहल

दिवाळीचा फराळ संपत आला, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि मुलांची सुट्टी अजून चार दिवस शिल्लक असली, की घराघरांतून एक प्रश्न हटकून निघतो : "आता एक दिवस कुठे जायचे?" आमच्या पिंपरी-चिंचवडकडील घरांतून ह्या प्रश्नाची उत्तरेही ठरून गेलेली आहेत. देवदर्शन हवे तर देहू-आळंदी, हवा खायची तर लोणावळा, आणि घरातील कर्ता पुरुष आळसावलेला असला तर 'पुढच्या वर्षी पाहू!'

अलीकडे मात्र ह्या भागातील काही घरांतून एक निराळेच उत्तर ऐकू येते. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच घराण्यातली स्कोडा ही झेक मोटार तेथे तयार होऊ लागली. स्कोडाचे माहेर म्हणजे झेक देशातील म्लादा बोलेस्लाव हे गाव. त्या निमित्ताने आपली इंजिनीअर मंडळी तिकडे जाऊ-येऊ लागली. आणि एकदा माणूस प्रागपर्यंत पोचला, की रविवारी आसपासचा एखादा राजवाडा पाहिल्यावाचून परतत नाही. मग परत आल्यावर फोटो निघतात, वर्णने रंगतात, आणि ऐकणारी मंडळी उसासा टाकून म्हणतात, "नाहीतर आपल्याकडे आहे काय? धूर आणि कंटेनर!"

ह्या उसाशाला उत्तर द्यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. पण त्याआधी तो झेक राजवाडा आपणही घरबसल्या पाहून घेऊ; कारण आपली वाट तेथूनच निघते.

कोनोपिश्टेचा राजवाडा

प्रागच्या आग्नेयेस पन्नासएक किलोमीटरवर बेनेशोव्ह नावाचे गाव आहे. तासाभरात आगगाडी तेथे पोचते, आणि मग झाडीतून थोडे चालले की कोनोपिश्टेचे गोल बुरूज दिसू लागतात. मुळात हा मध्ययुगातला किल्ला. १८८७ साली तो ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडने विकत घेतला आणि त्याचा सुखसोयींनी युक्त असा राजवाडा केला. गुलाबांची बाग, शस्त्रांचे दालन, शिकारीत मारलेल्या जनावरांची हजारो शिंगे आणि मुंडकी, असा सारा थाट आजही तेथे पाहावयास मिळतो.

परंतु लोक तेथे जातात ते केवळ शिंगे पाहावयास नव्हे. पुढे ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस ठरलेला हा फर्डिनांड सोफी खोटेक नावाच्या एका झेक सरदारकन्येच्या प्रेमात पडला. मुलगी खानदानी होती, पण राजकुळातील नव्हती. आणि हाब्सबुर्ग घराण्याच्या नियमाप्रमाणे ती वारसाची पत्नी होण्यास अपात्र होती. वृद्ध बादशहाने अखेर परवानगी दिली ती अशा अटीवर, की सोफीला राणीपद मिळणार नाही आणि तिच्या मुलांना गादीवर हक्क सांगता येणार नाही. फर्डिनांडने तशी शपथ घेतली आणि १ जुलै १९०० रोजी लग्न झाले. दरबारी समारंभांत सोफीला नवऱ्याच्या शेजारी स्थान नसे. कोनोपिश्टेत मात्र ती घरची मालकीण होती. तीन मुले, बाग आणि चारचौघांसारखा संसार, एवढेच त्या राजवाड्याचे खरे वैभव.

२८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे दोघांचाही खून झाला, आणि त्या ठिणगीतून पहिले महायुद्ध पेटले, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. शाळेत शिकवीत नाहीत ते पुढचे. व्हिएन्नात दोन्ही शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, पण सोफीची पेटी एक पायरी खाली! राजघराण्याच्या दफनघरात तिला जागा नव्हती, हे फर्डिनांड जाणून होता. म्हणून त्याने आर्टश्टेटेन येथे आधीच वेगळी व्यवस्था करून ठेवली होती. दोघेही तेथेच चिरविश्रांती घेत आहेत.

आपल्या घरची गोष्ट

एवढे ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात एक नाव उभे राहिले नाही, तर ते नवलच म्हणावयाचे. १७२९ साली बाजीरावांनी बुंदेलखंडात धाव घेऊन वृद्ध छत्रसालाला महंमदखान बंगषाच्या तावडीतून सोडविले. त्या मोहिमेनंतर मस्तानी हे नाव पेशव्यांच्या घराण्यात आले. मस्तानी छत्रसालाची मुलगी की आणखी कोणी, ह्यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण शनिवारवाड्याच्या एका दरवाज्याला मस्तानीचे नाव मिळाले, कोथरूडला मस्तानीसाठी वेगळे घर उठले, आणि १७३४ साली मुलगा झाला, तो समशेर बहादूर. घराण्याने आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने हे नाते मान्य केले नाही. १७३९-४० च्या सुमारास बाजीराव बाहेर असताना मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला, आणि त्याच वर्षी मस्तानीचाही. विष घेतले म्हणावे, धक्क्याने प्राण गेला म्हणावे, नाना कथा आहेत. खात्रीचा पुरावा एकीलाही नाही.

दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या आहेत असे नव्हे. सोफीला सवत नव्हती. येथे मात्र काशीबाई होत्या. आणि त्यांना बाजूला सारून ही गोष्ट सांगणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होय. सुदैवाने आपल्या सहलीत ह्या दोघींचीही भेट होते. कारण काशीबाईंचे माहेर चास आणि मस्तानीची कबर असलेले पाबळ ही दोन्ही गावे राजगुरुनगरच्या दोन बाजूंना आहेत. एक पश्चिमेस, एक पूर्वेस. चिंचवडहून निघावे, दोन्ही पाहावी आणि दिवेलागणीला घरी यावे, एवढे जवळ!

निघण्यापूर्वी

सहल कार्तिकापासून माघापर्यंत केव्हाही करावी. ऊन कोवळे असते, शेतांत ज्वारी आणि कांदा उभा असतो आणि नदीला पाणी असते. चाकणच्या चौकातील वाहनांची कोंडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तेव्हा रविवार निवडावा आणि सकाळी सातच्या आत भोसरी ओलांडावी. चिंचवड ते चाकण सुमारे २० किलोमीटर, तेथून राजगुरुनगर १२, पुढे चास दहाएक आणि राजगुरुनगरहून पाबळ सुमारे २५. परतीची वाट शिक्रापूरवरून धरली तर सारा फेरा दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर बसतो. स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. राजगुरुनगरपर्यंत बसची सोय चांगली आहे. मात्र तेथून पुढच्या गाड्यांच्या वेळा स्टँडवर आधी विचारून ठेवाव्यात, आणि चास व पाबळ ह्यांपैकी एकावरच समाधान मानावे.

जेवण घरचेच न्यावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे आणि काल उरलेला चिवडा! पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे. डोक्याला टोपी, पायांत मजबूत वहाणा. आजी-आजोबांना अवश्य बरोबर घ्यावे. ह्या सहलीत गड चढावयाचा नाही.

चाकण आणि चास

वाटेवर चाकणच्या भुईकोटासाठी अर्धा तास काढावा. १६६० साली शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने हा एवढासा कोट घेऊन सुमारे दोन महिने रोखून धरले. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा कोट पडला. खानाने चाकरी देऊ केली, ती फिरंगोजीने नाकारली. आज तट ढासळलेला आहे, खंदकही जेमतेम ओळखू येतो. पण ज्यांची बाबामंडळी रोज ह्या कोटाच्या शेजारून कामावर जातात, त्या मुलांना हा प्रसंग तेथेच उभे राहून सांगावा.

राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू १९०८ साली येथे जन्मले आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला फासावर गेले. भीमेकाठी त्यांचा वाडा आहे. तेथे डोके टेकवून पुढे चासची वाट धरावी.

चास हे भीमेच्या काठचे गाव. महादजी कृष्ण जोशी चासकर ह्यांच्या सधन सावकारी घराण्यातील काशीबाई पेशव्यांच्या घरी सून म्हणून गेल्या. नदीजवळ सोमेश्वराचे देऊळ आहे आणि त्यापुढे दगडी दीपमाळ. त्रिपुरी पौर्णिमेला ती कशी उजळत असेल, ह्याची कल्पना करीत घाटावर न्याहारी करावी. पुण्यातील कोट्यवधींच्या उलाढालीत, मोहिमांच्या धामधुमीत आणि घरातल्या त्या अवघड वर्षांत काशीबाईंना ह्या शांत घाटाची आठवण किती वेळा झाली असेल! इतिहासाने त्यांच्या मनातले काही लिहून ठेवलेले नाही. एक कृती मात्र त्यांच्या नावावर सांगितली जाते : मस्तानीच्या पश्चात सहा वर्षांच्या समशेरला त्यांनी आपल्या घरात वाढविले. मानिनी स्त्रीला ह्याहून कठीण असे दुसरे काय असेल?

पाबळ

चासहून राजगुरुनगरला परतून पूर्वेची वाट धरावी. वाटेत कनेरसरला यमाईचे देऊळ लागते. मुलुख हळूहळू कोरडा होत जातो, डोंगर मागे पडतात, आणि मग पाबळ येते. पाबळ आणि आसपासची गावे मस्तानीकडे इनाम होती. गढीचे अवशेष आहेत, आणि गावाबाहेर कबर. आरसेमहाल, कारंजी, झुंबरे ह्यांची कल्पना मनात घेऊन कोणी येथे आले, तर त्याची निराशा होईल. साधा दगडी चौथरा, भोवती भिंत, वर आभाळ, एवढेच.

'राऊ' ही ना. सं. इनामदारांची कादंबरी १९७२ साली आली आणि २०१५ साली तिच्यावरून चित्रपटही निघाला. त्या चित्रपटाचे झगझगीत महाल डोळ्यांत साठविलेल्या मुलामुलींना ह्या चौथऱ्याशी पाच मिनिटे नुसते उभे करावे. "बस्स, एवढेच?" असे ती विचारतील. त्यांना सांगावे, "हो, एवढेच. उरते ते एवढेच असते. बाकीचे आपण आपल्या मनाने बांधतो." शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. कोथरूडच्या घराचे अवशेष पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात नेऊन जपावे लागले. ही कबर मात्र आपल्या मूळ जागी आहे.

आणि समशेर? त्याला मुंज मिळाली नाही, तलवार मिळाली. १७६१ साली पानिपतच्या रणात तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनीच पुढे थोड्या दिवसांत गेला. वय अवघे सत्तावीस. ज्या घराण्याने पंक्तीत पाट दिला नाही, त्याच्यासाठी त्याने प्राण दिला. त्याचा वंश पुढे बांद्याचे नबाब म्हणून नांदला आणि १८५७ च्या उठावातही उतरला.

मुलांना कंटाळा येऊ लागलाच, तर पाबळलाच विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्री. शं. कलबाग ह्यांनी १९८३ साली तो सुरू केला. हाताने काम करीत शिकावयाचे, हे तेथील सूत्र. आधी विचारून गेले, तर कारखानदारीच्या गावची मुले तेथे सहज रमतील.

एक पायरी खाली

आता एक मराठीचा मास्तर म्हणून दोन शब्द. परतीच्या वाटेवर, शेल पिंपळगावापाशी पुन्हा भीमा ओलांडताना, गाडीतील मंडळींचे बोलणे कान देऊन ऐका. काशीबाईंविषयी बोलताना आपण 'त्या' म्हणतो; बाजीरावांविषयी 'ते'; आणि मस्तानीविषयी? 'ती'! पुस्तकांत पाहा, भाषणांत ऐका; थोडेफार अपवाद सोडले, तर हेच आढळेल. कोणी मुद्दाम अपमान करतो असे नव्हे. तोंडात तसे बसले आहे, आणि एका नावापुढे 'बाई' आपोआप येते, दुसऱ्यापुढे येत नाही.

व्हिएन्नाच्या दरबाराने सोफीची शवपेटी एक पायरी खाली ठेवली, हे वाचून आपल्याला त्या दरबाराचा राग येतो. दरबार उठला, साम्राज्य मोडले. १९२१ साली कोनोपिश्टे सरकारजमा झाले, आणि आज कोणीही तिकीट काढून सोफीच्या दिवाणखान्यात जाऊ शकतो. आपल्याकडची ती एक पायरी मात्र दगडाची नाही, सर्वनामाची आहे. ती काढून टाकावयास ना सरकारी हुकूम लागतो, ना पुराणवस्तू खात्याची परवानगी.

काशीबाईंचा मान त्यामुळे कमी होणार नाही. ज्या माउलीने त्या पोरक्या मुलाला पोटाशी धरले, तिला ह्यात वावगे वाटले असते, असे मला तरी वाटत नाही.

तेव्हा वाचकहो, प्रागला जाण्याचा योग येईल तेव्हा अवश्य जा. कोनोपिश्टेच्या गुलाबांचा वास घ्या. पण ह्या दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी दशम्या बांधा आणि चास-पाबळचा फेरा करून या. सकाळी काशीबाईंच्या घाटावर हात-पाय धुवा, दुपारी मस्तानीबाईंच्या कबरीवर चार झेंडूची फुले वाहा. त्या पाबळला आहेत, आणि आपल्या घरापासून फार लांब नाहीत.