जड पाणी आणि घरातील यतना

पाणी गाळून पिणे ही श्रावकाच्या घराची ओळख आहे. दुहेरी जाड वस्त्रातून गाळलेले पाणी, त्याची एका मुहूर्ताची म्हणजे ४८ मिनिटांची मर्यादा, आणि गाळल्यानंतरची जिवाणी मूळ जलस्थानी पोहोचविण्याची काळजी हा संस्कार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मात्र ज्या घरांत विंधन विहिरीचे पाणी नळाने येते, तेथे गृहिणीपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. पाणी नितळ दिसते, ते गाळलेलेही असते. तरी तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, घासलेल्या भांड्यांवर पांढरे डाग उरतात. असे पाणी जड असते. शास्त्रीय भाषेत त्याला दुष्फेन म्हणतात.

पावसाचे पाणी मुळात मृदू असते. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लधर्मी बनते आणि खडकांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. महाराष्ट्राचा बराच भूभाग ज्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे, त्यात ही दोन्ही मूलद्रव्ये आहेत. पाणी खडकाच्या सहवासात जितका अधिक काळ राहते, तितका त्याचा जडपणा सहसा वाढतो.

हे क्षार पाण्यात पूर्ण विरघळलेले असल्यामुळे वस्त्राने गाळले जात नाहीत. गाळणे जीवरक्षेसाठी आहे. जडपणा घालविणे हे त्याचे कार्य नव्हे. उकळण्याने मात्र दोन्ही हेतू काही अंशी साधतात. पाणी उकळले की त्यातील बायकार्बोनेटचे रूपांतर न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये होते व ते तळाशी बसते. पाणी निवल्यावर भांडे न हलविता वरचे पाणी ओतून घ्यावे. प्रासुक पाण्याची प्रथा असलेल्या घरांत पातेल्याच्या तळाशी दिसणारा पांढरा थर याच क्रियेचा आहे. याला तात्पुरता जडपणा म्हणतात. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेला कायमचा जडपणा उकळून जात नाही.

हाच थर गिझरच्या कॉइलवर साचला की पाणी तापण्यास वेळ लागतो व वीज अधिक खर्च होते. गिझरचे तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवल्यास थर कमी साचतो. नळावरील व भांड्यांवरील डागांना लिंबाचा रस पुरेसा असतो. शिरका आंबवलेला म्हणून वर्ज्य मानणाऱ्या घरांनाही तो चालतो. कपड्यांसाठी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आधी विरघळवावा, म्हणजे साबण वाया जात नाही.

आरोग्याची भीती मात्र अनेकदा अवाजवी असते. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यातील जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम ठरविली आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी प्रयोगशाळेतून पाण्याची तपासणी करून घ्यावी. विक्रेत्याच्या टीडीएस मीटरवरील आकडा सर्व विद्राव्य क्षारांचा अंदाज देतो. त्यात जडपणा किती, हे त्यावरून कळत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. ३०० मिलीग्रॅम जडपणा पूर्ण काढल्यास लिटरमागे सुमारे १३८ मिलीग्रॅम सोडियम वाढते. स्नान व धुण्यासाठी हे पाणी उत्तम; रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांच्या पिण्यासाठी मात्र वेगळा नळ ठेवावा.

आरओ यंत्र क्षार काढते. पण अनेक घरगुती यंत्रांत एक लिटर पाण्यामागे दोन ते तीन लिटर पाणी मोरीत जाते. अप्काय जीवांची विराधना टाळण्यासाठी पाणी तुपासारखे वापरावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्या घरात गरज नसताना असे यंत्र चालविणे आचाराशी विसंगत ठरते. जेथे तपासणीनुसार आरओ आवश्यकच असेल, तेथे बाहेर पडणारे पाणी साठवून फरशी पुसण्यास किंवा शौचालयात वापरावे. त्यात क्षार अधिक असल्याने ते रोज कुंड्यांना घालू नये.

ज्यांना शक्य आहे त्यांनी छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यात साठवावे. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे झाकून ठेवावे व वापरताना नेहमीप्रमाणे गाळावे. डाळ शिजविण्यास ते उत्तम असते आणि विंधन विहिरीच्या पाण्यात मिसळल्यास त्याचा जडपणाही उतरतो. पिण्यासाठी उकळलेले, धुण्यासाठी सोड्याचे, स्वयंपाकासाठी पावसाचे, असे कामापुरतेच पाणी मृदू केले तर खर्च वाचतो आणि यतनाही पाळली जाते.