दोन धन्यांचा मुलूख : आंदोरा

पिरेनीज पर्वताच्या पूर्व भागात, फ्रान्स आणि स्पेन या दोन बलाढ्य राष्ट्रांच्या सांध्यावर, अवघ्या ४६८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आंदोरा हा देश वसला आहे. तेथे विमानतळ नाही आणि आगगाडीही नाही. बार्सेलोनाहून किंवा तुलूझहून मोटारीने सुमारे तीन तासांची वाट चालून, वालिरा नदीच्या खोऱ्यात शिरूनच तेथे पोहोचावे लागते. राजधानी आंदोरा ला वेल्ला ही समुद्रसपाटीपासून १,०२३ मीटर उंचीवर असून युरोपातील राजधान्यांत तीच सर्वांत उंच होय. आणि तिच्या वायव्येस कोमा पेद्रोसा हे २,९४२ मीटरांचे शिखर देशाच्या माथ्यावर उभे आहे. एवढ्या दुर्गम भूमीत आल्यावर एखादे निवांत पहाडी गाव दृष्टीस पडेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्या प्रवाशाला प्रथम भेटतात त्या अत्तरे, मद्ये, सिगारेटी, घड्याळे आणि बर्फावर घसरण्याची साधने यांनी भरलेल्या दुकानांच्या रांगा. पुष्कळसे प्रवासी एवढाच आंदोरा पाहून परत जातात. परंतु शेजारची मोठमोठी संस्थाने, सरदारक्या आणि राज्ये इतिहासाच्या उदरात गडप झाली असताना हा चिमुकला मुलूख सातशे वर्षांहून अधिक काळ स्वतंत्र कसा राहिला, हा प्रश्न ज्याच्या मनात उद्भवेल त्याने बाजारपेठ ओलांडून जुन्या वस्तीकडे वळावे.

या खोऱ्यांवर दक्षिणेकडील, स्पेनमधील उर्जेलच्या बिशपाचा हक्क जुना. परंतु तेराव्या शतकात उत्तरेकडील फ्वा परगण्याच्या काउंटानेही त्यावर दावा सांगितला, आणि बराच काळ चाललेल्या झगड्यानंतर ८ सप्टेंबर १२७८ रोजी उभयतांत तहनामा झाला. १२८८ मध्ये त्यास दुसऱ्या तहनाम्याची पुरवणी जोडण्यात आली. तहाचे सार असे की, मुलखाचे धनीपण दोघांचे समसमान असावे, न्यायदान दोघांच्या नावे चालावे आणि खंडणी आळीपाळीने, एका वर्षी एकास व दुसऱ्या वर्षी दुसऱ्यास, पोहोचती व्हावी. फ्वाचे काउंटपण पुढे वारसाहक्काने नव्हारच्या राजघराण्यात गेले, त्या घराण्यातील हेन्री हा १५८९ मध्ये फ्रान्सचा राजा झाला, राजपद नष्ट झाल्यावर तो हक्क फ्रेंच राष्ट्रप्रमुखाकडे आला. आणि म्हणून पॅरिसमध्ये निवडून येणारा अध्यक्ष आजही उर्जेलच्या बिशपाबरोबर आंदोराचा सहराजा असतो, जरी त्याच्या निवडणुकीत आंदोराच्या नागरिकास मत नसले तरी.

आपल्याकडे मराठे व निजाम यांच्या दुअंमलात दोन्हीकडच्या वसुलीने रयत गांजून जात असे, मग आंदोराची रयत दुअंमलातच सुखरूप कशी राहिली? याचे कारण असे की, खंडणी कराराने बांधलेली होती, ती गोळा करून भरण्याचे काम पुढे स्थानिकांच्याच सभेकडे गेले, आणि धन्यांपैकी एक जण हात पसरू लागताच दुसऱ्याचा दस्तऐवज आडवा येई. कालमानाने रक्कम इतकी नाममात्र उरली की, विसाव्या शतकात फ्रेंच सहराजास ९६० फ्रँक आणि बिशपास ४६० पेसेटा, शिवाय मिठात सुकवलेली डुकराची मांडी, चीज व कोंबडे, एवढ्यावर भागे. या व्यवस्थेचे मोल रयतेस किती उमगले होते, हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात दिसून आले. सरंजामशाहीचा अवशेष म्हणून क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये ही खंडणी घेण्याचे नाकारले, तेव्हा सुटलो म्हणून आनंद मानण्याऐवजी आंदोराच्या लोकांनी जुना संबंध पूर्ववत व्हावा अशी विनवणी चालविली, आणि १८०६ मध्ये नेपोलियनने ती मान्य केली. एक धनी उरला तर तो आपल्याला गिळल्यावाचून राहणार नाही, हे त्या मेंढपाळांना पक्के ठाऊक होते.

अंतर्गत कारभाराची कहाणीही याच सावधपणाची आहे. १४१९ मध्ये धन्यांच्या परवानगीने खोऱ्यांची सभा अस्तित्वात आली. बुस्केत्स घराण्याने १५८० मध्ये बांधलेली दगडी हवेली सभेने १७०२ मध्ये विकत घेतली, आणि ‘कासा द ला व्हाल’ या नावाच्या त्या इमारतीत २०११ पर्यंत देशाचे कायदेमंडळ भरत असे. बाहेरून ती सधन शेतकऱ्याच्या वाड्यासारखी दिसते, आत शिरल्यावर स्वयंपाकघरातील रुंद चूल आणि मोठाली भांडी दृष्टीस पडतात; कारण दूरच्या खेड्यांतून बर्फ तुडवीत येणाऱ्या सभासदांना ऊब आणि अन्न तेथेच मिळत असे. परंतु मुद्दाम थांबून पाहावे ते सभागृहातील लाकडी कपाट. त्याला सात कुलपे असून सात किल्ल्या देशाच्या सात परगण्यांकडे एकेक अशा वाटून दिलेल्या आहेत. पूर्वी परगणे सहा आणि कुलपेही सहाच होती. १९७८ मध्ये एस्काल्देस-एंगोर्दान्य हा सातवा परगणा वेगळा झाल्यावर सातवे कुलूप बसविण्यात आले. देशाचे मूळ दस्तऐवज याच कपाटात जपले जात, आणि सातही ठिकाणचे किल्लीदार हजर असल्याखेरीज ते उघडत नसे. धन्यांच्या बाबतीत जो नियम या लोकांना तारक ठरला, तोच त्यांनी आपापसांतही लावून घेतला.

ही सारी व्यवस्था पोसणारी भूमी मात्र दरिद्री होती. शेतीजोगी जमीन थोडी, म्हणून घर आणि वावर न विभागता एकाच वारसाकडे जाई व बाकीची भावंडे पोटासाठी परमुलखाची वाट धरीत. कुरणे, लोखंडाच्या भट्ट्या आणि दक्षिणेकडील सांत जुलिया द लोरिया परगण्यातील तंबाखू यांवर निर्वाह चाले. आणि तंबाखू पाठीवर लादून रात्री डोंगरवाटांनी सीमेपार नेण्याचा चोरटा व्यापार हा जोडधंदाच झाला होता. स्पेनकडील मोटाररस्ता १९१३ मध्ये पोहोचला, फ्रान्सकडील त्यानंतर दोन दशकांनी. जकातीतील तफावतीचा तोच व्यापार मग रात्रीतून दिवसाढवळ्या आला, आणि १९५० च्या सुमारास जेमतेम सहा हजार वस्तीचा देश आज ऐंशी हजारांच्या वर गेला आहे. परतीच्या वाटेवर सीमेवरचे जकात अंमलदार आजही मोटारी थांबवून मद्य-सिगारेटींची झडती घेतात, ते उगाच नव्हे.

ज्याला वेळ आहे त्याने सांता कोलोमाचे जुने चर्च अवश्य पाहावे. त्याचा गोलाकार घंटामनोरा तर दर्शनीय आहेच, पण तेथील बाराव्या शतकातील भित्तिचित्रे भिंतीवरून उतरवून विकली गेली, जर्मनीत जाऊन राहिली आणि २००७ मध्ये मायभूमीस परत आली, हीही एक कथाच आहे. कानिल्लो परगण्यातील मेरिचेलचे देवस्थान १९७२ च्या ८ सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे देशाच्या उत्सवाच्याच दिवशी, आगीत भस्मसात झाले. वास्तुशिल्पी रिकार्दो बोफिल यांनी १९७६ मध्ये त्याच्या शेजारी उभारलेली कमानींची शुभ्र-कृष्ण वास्तू काहींना रुचते, काहींना नाही. आणि या दोहोंहून निराळे मद्रिऊचे खोरे, २००४ पासून जागतिक वारसा ठरलेले, देशाचा सुमारे नऊ टक्के भाग व्यापणारे आणि मोटाररस्त्यावाचून राहिलेले. मेंढपाळांच्या दगडी झोपड्या, रचीव बांध आणि सामायिक कुरणे तेथे पायी हिंडूनच पाहावी लागतात. त्यासाठी उन्हाळा उत्तम. भारतीय प्रवाशाने एवढेच ध्यानी ठेवावे की, आंदोरा शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने परत स्पेन वा फ्रान्समध्ये शिरण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा परवाना हाती असावा.

१४ मार्च १९९३ रोजी लोकांनी मतदानाने राज्यघटना स्वीकारली, सार्वभौमत्व प्रजेचे ठरले, खंडणी बंद झाली आणि त्याच वर्षी जुलैत आंदोरा संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. तथापि दोन्ही सहराजे कायम ठेवण्यात आले, हे आता नवलाचे वाटू नये. पुढची परीक्षा मात्र वेगळी आहे. राहणाऱ्यांत नागरिक निम्म्याहून कमी आहेत, घरभाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेर चालली आहेत, आणि युरोपीय संघाशी सहयोगाच्या कराराची वाटाघाट २०२३ च्या अखेरीस पुरी झाली असून त्यावर प्रजेचा कौल घेण्याचे सरकारने जाहीर केले आहे. फ्रान्स आणि स्पेन हे दोघेही त्या संघाचेच घटक असल्यामुळे एका धन्याचा दस्तऐवज दुसऱ्यापुढे ठेवण्याची जुनी युक्ती या वेळी कामी येणार नाही. आंदोराला आता समोर एकच पक्ष ठेवून करार करावयाचा आहे.